काकूंची गाय आणि २०३५ साल

मागच्या वेळी बोलता बोलता मी एका गाईचा विषय काढला आणि तेवढ्यात वेळ संपली. नंतर ज्या बैठकीला जावं तिथे एकच प्रश्न, त्या गाईचं पुढे काय झालं? तर आज आधी गाय आणि मग हिमालय. दोन्हींचा संबंध काय, ते ऐकता ऐकता कळेल.

आमच्या एका गटात एक काकू आहेत. वय साठीच्या पुढे, शाळेची पायरी चढलेल्या नाहीत, पण गटाचा हिशेब तोंडपाठ. त्यांनी गटाचं कर्ज काढून गाय घेतली होती. दोन वर्षांपूर्वी मृग कोरडा गेला. त्याच आठवड्यात मोबाईलवर एक मेसेज फिरला. हवामान बदलामुळे यंदा ऑगस्टपर्यंत पाऊस नाही, जगातल्या मोठ्या शास्त्रज्ञांचा अहवाल आला आहे, चारा मिळणार नाही, जनावरं आत्ताच विका. खाली कुठल्याशा परदेशी संस्थेचं नाव आणि भेगाळलेल्या जमिनीचा फोटो. काकूंच्या सुनेच्या मोबाईलवर तो आला. काकूंनी आठवडी बाजारात गाय विकली, घेतल्या किमतीपेक्षा अकरा हजारांनी कमी. नवव्या दिवशी पाऊस आला आणि ओढा दुथडी वाहिला.

तो मेसेज सुनेला मी पाठवला होता. वर माझ्याच हाताने लिहिलं होतं, ‘महत्त्वाचे, सर्वांनी वाचावे.’

काकू भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. पुढच्या बैठकीत सगळ्यांची बचत गोळा झाली, सह्या-अंगठे झाले, आणि मग त्या हळूच म्हणाल्या, “ताई, ते कुणी बघितलं व्हतं?”

मला उत्तर देता आलं नाही. वाईट याचं वाटलं की बी.ए.ला माझा विषय इतिहास होता आणि इतिहासाच्या पहिल्याच वर्षी हाच प्रश्न शिकवतात. वि. का. राजवाडे हे नाव काहींनी ऐकलं असेल. जुने कागद मिळवण्यासाठी ते गावोगाव हिंडले आणि १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला. त्यात पानिपतच्या आधीच्या दहाबारा वर्षांतली पत्रं आहेत. राजवाड्यांचा आग्रह काय होता? बऱ्याच बखरी घटनेनंतर कित्येक वर्षांनी, ऐकीव माहितीवर लिहिलेल्या. वाचायला रंगतदार, पण सैन्य किती, पैसा किती, कोण कुठे होतं, हे विचारायचं असेल तर त्या वेळी, त्या जागी लिहिलेला कागद बघायचा. बखर दहा जणांनी उतरवून घेतली म्हणून ती दहापट खरी होत नाही. परीक्षेत यावर मी चांगलं उत्तर लिहिलं होतं. मोबाईल हातात आला आणि सगळं विसरले.

त्यानंतर मी हवामान बदलाचं मिळेल ते वाचू लागले. वाचताना एक प्रकरण असं सापडलं की काकूंचा प्रश्न तिथे थेट हिमालयापर्यंत जातो. तेच आज सांगते.

हिमनदी म्हणजे बर्फाची नदी. उंच डोंगरावर वर्षानुवर्षं बर्फ साठतो, दबतो आणि स्वतःच्या वजनाने फार हळू खाली सरकत राहतो. गंगा जिथून निघते ती गंगोत्री हिमनदी सुमारे तीस किलोमीटर लांब आहे. आपल्या गोदावरी, भीमा, कृष्णा सह्याद्रीत उगम पावतात आणि पावसावर चालतात, त्यांचा त्या बर्फाशी संबंध नाही. पण उत्तरेकडच्या नद्यांना उन्हाळ्यात त्या बर्फाचं पाणी मिळतं, आणि त्या नद्यांच्या काठी कोट्यवधी लोक शेती करतात. म्हणून तो बर्फ किती दिवस टिकेल, हा फार मोठा प्रश्न.

आता हे ठरवणार कोण? १९८८ साली जागतिक हवामान संघटना आणि संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम यांनी मिळून एक मंडळ नेमलं. त्याला आयपीसीसी म्हणतात. हे मंडळ स्वतः बर्फ मोजायला जात नाही. आपला ग्रामसंघ जसा प्रत्येक गटाची वही मागवून, तपासून एक एकत्रित अहवाल करतो, तसं जगभरच्या शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलेले अभ्यास गोळा करून हे मंडळ काही वर्षांनी मोठा अहवाल काढतं. २००७ साली त्याचा चौथा अहवाल आला. तीन खंड, अडीच हजारांहून जास्त पानं. त्याच वर्षी या मंडळाला अमेरिकेचे अल गोर यांच्याबरोबर शांततेचं नोबेल मिळालं. मंडळाचे अध्यक्ष होते आपल्या देशातले राजेंद्र पचौरी. म्हणजे पद मोठं, मान मोठा, अहवाल मोठा.

या अहवालाच्या दुसऱ्या खंडात आशियावरच्या प्रकरणात एक परिच्छेद होता. त्याचा अर्थ असा: हिमालयातल्या हिमनद्या जगात सगळ्यात वेगाने मागे हटत आहेत आणि असंच चाललं तर २०३५ पर्यंत, कदाचित त्याआधीच, त्या नाहीशा होण्याची शक्यता फार मोठी आहे. त्यांचं क्षेत्र पाच लाख चौरस किलोमीटरवरून एक लाखावर येईल, तेही २०३५ पर्यंत.

वर्तमानपत्रांनी ते उचललं, नेत्यांच्या भाषणात ते आलं. २००७ मधून बघितलं तर २०३५ म्हणजे अठ्ठावीस वर्षं. त्या वर्षी जन्मलेली पोरगी लग्न होऊन आई होईतो हिमालय उघडा पडणार!

मैत्रिणींनो, मी हे वाचलं तेव्हा मला आपली लेखापरीक्षणाची पद्धत आठवली. वही हातात घेतली की आपण आधी काय करतो? बेरीज बघतो. अध्यक्ष कोण, सचिव किती शिकलेली, हे नंतर. तर चला, या परिच्छेदाची बेरीज करू.

एकीकडे म्हटलंय हिमनद्या नाहीशा होतील. पुढच्याच वाक्यात म्हटलंय, एक लाख चौरस किलोमीटर उरतील. दोन्ही एकाच वर्षी. एका ओळीत खातं शून्य आणि खालच्या ओळीत शिल्लक एक लाख!

आणखी बघा. त्याच भागात लिहिलंय की हिमालयातल्या हिमनद्यांनी सुमारे तीस लाख हेक्टर व्यापले आहेत. शंभर हेक्टरचा एक चौरस किलोमीटर. म्हणजे झाले तीस हजार. मग खाली पाच लाख कुठून आले? आपला सगळा महाराष्ट्र तीन लाख आठ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. पाच लाख म्हणजे दीड महाराष्ट्राहून जास्त. हे पकडायला शास्त्रज्ञ व्हावं लागत नाही, सातबारा वाचता आला तरी पुरे.

शेजारी एक तक्ता आहे. त्यात उत्तराखंडातली पिंडारी हिमनदी १८४५ ते १९६६ या काळात २,८४० मीटर मागे गेली असं दिलंय. म्हणजे वर्षाला किती? तक्त्यात उत्तर आहे १३५ मीटर. आता १८४५ ते १९६६ मोजा. एकशे एकवीस वर्षं. २,८४० ला १२१ ने भागलं तर साडेतेवीसच्या आत येतं. १३५ कधी येतं? २१ ने भागलं तर. शंभराचा एक विसरला आणि हिमनदी जवळजवळ सहापट वेगाने पळाली. आमच्या एका गटाच्या सचिवांना मी हे गणित घालून बघितलं. त्यांनी मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर दोन मिनिटांत चूक काढली आणि मला म्हणाल्या, “यांचं ऑडिट कुणी केलं होतं?”

ऑडिट झालं होतं, हीच तर गंमत. अहवाल छापण्याआधी जगभरच्या जाणकारांकडे आणि सरकारांकडे मसुदा जातो. काहींनी या परिच्छेदावर शंका काढल्याही होत्या. ऑस्ट्रियाचे हिमनदीतज्ज्ञ गेओर्ग कासेर यांनी पुढे सांगितलं की २००६ मध्येच त्यांनी ही चूक दाखवली होती, पण तोवर उशीर झाला होता. आणि अहवालाच्या पहिल्या खंडात बर्फावर एक वेगळं प्रकरण आहे, ते बर्फाच्याच जाणकारांनी लिहिलेलं. त्यात २०३५ ची ही गोष्ट नाहीच. एकाच घरात दोन खोल्या, आणि या खोलीतल्यांनी त्या खोलीत जाऊन विचारलं नाही.

मग आकडा आला कुठून? कॅनडातले हिमनदीतज्ज्ञ ग्रॅहम कॉगली आणि त्यांचे काही सहकारी या आकड्याचा माग काढत मागे मागे गेले. राजवाडे ज्या चिकाटीने कागदांच्या मागे गेले, त्याच चिकाटीने. अहवालातल्या वाक्याखाली आधार म्हणून नाव होतं डब्ल्यूडब्ल्यूएफ या निसर्गरक्षण संस्थेच्या २००५ सालच्या पुस्तिकेचं. त्या संस्थेने हिमनद्या मोजल्या होत्या का? नाही. तिने आधार दिला होता ‘न्यू सायंटिस्ट’ या इंग्लंडच्या साप्ताहिकातल्या जून १९९९ च्या लेखाचा. त्या पत्रकाराने मोजल्या होत्या का? नाही. त्याने दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातले हिमनदीतज्ज्ञ सय्यद हसनैन यांच्याशी झालेल्या बोलण्यावरून लिहिलं होतं. हसनैन ज्या अभ्यासगटाचे प्रमुख होते त्याचा अहवाल त्याच वर्षी झाला, त्यात २०३५ हा आकडा नव्हता. पुढे वाद झाला तेव्हा हसनैन यांनीही म्हटलं की आपण असं वर्ष नेमून भविष्य सांगितलेलं नाही. म्हणजे जगाच्या सगळ्यात मोठ्या अहवालातल्या वाक्याच्या तळाशी पत्रकाराशी झालेलं एक बोलणं निघालं.

आणि पाच लाखांचं काय? त्याचा धागा रशियाचे शास्त्रज्ञ कोतल्याकोव्ह यांनी संपादित केलेल्या १९९६ सालच्या युनेस्कोच्या अहवालात सापडला. तिथे लिहिलंय की ध्रुवप्रदेश सोडून पृथ्वीवर जेवढ्या म्हणून हिमनद्या आहेत, त्यांचं क्षेत्र पाच लाखांवरून एक लाखावर येईल, २३५० सालापर्यंत. तेवीसशे पन्नास! तीनशेहून जास्त वर्षांची गोष्ट. एप्रिल १९९९ मध्ये दिल्लीच्या ‘डाउन टू अर्थ’ या पाक्षिकात ही माहिती छापताना २३५० चे २०३५ झाले, आणि सगळ्या जगाचा बर्फ हिमालयाच्या नावावर पडला. आपण पासबुकात कधी ५३० चे ३५० करतो ना, तसंच. फरक एवढाच की आपली चूक महिन्याच्या बैठकीत सापडते, ही दहा वर्षं फिरत राहिली. तेच शब्द पुस्तिकेतून, लेखातून, अहवालातून पुढे गेले आणि दर पायरीला सांगणारा आधीच्यापेक्षा मोठा होत गेला. शेवटी नोबेलवाल्या मंडळाने सांगितलं म्हटल्यावर विचारणार कोण?

विचारलं. आणि इथे दुसरीही बाजू ऐका, कारण ती तितकीच मजेची आहे. नोव्हेंबर २००९ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले निवृत्त अधिकारी वि. कु. रैना यांचा हिमनद्यांवरचा एक निबंध पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी प्रसिद्ध केला. त्यात म्हटलं होतं की हिमनद्या मागे हटतात, पण ते काही अघटित नाही आणि तापमानवाढीशी त्याचा संबंध सिद्ध झालेला नाही. पचौरींनी ते जादूटोण्याचं विज्ञान म्हणून उडवून लावलं. अध्यक्षांनी असं बोलायला नको होतं, हे माझं मत. कारण २०३५ बद्दल रैनांची शंका बरोबर निघाली. पण म्हणून त्यांचं सगळंच बरोबर का? तो निबंध चर्चेसाठी काढलेला होता, इतर जाणकारांनी तपासून मग छापलेला नव्हता. सही मंत्र्यांच्या खात्याची असली तरी तपासणीची पायरी राहिली ती राहिलीच. इकडे अध्यक्ष, तिकडे मंत्री, आणि खरं काय ते ठरलं वहीतल्या नोंदींवरून.

२० जानेवारी २०१० ला आयपीसीसीने लेखी कबूल केलं की हा परिच्छेद नीट तपासला गेला नाही, पुरावा अपुरा होता, याचा खेद आहे. त्याच महिन्याच्या शेवटी कॉगली, कासेर आणि आणखी दोघांचं पत्र ‘सायन्स’ या नियतकालिकात छापून आलं आणि चुकीचा सगळा माग जगासमोर आला. २०३५ खरं ठरायचं तर १९९९ नंतर बर्फ आधीच्या चाळीस वर्षांच्या पंचवीसपट वेगाने वितळायला हवा, हेही त्यांनी दाखवून दिलं. त्यानंतर निरनिराळ्या देशांच्या विज्ञान अकादमींनी मिळून या मंडळाच्या कामाची चौकशी केली आणि ऑगस्ट २०१० मध्ये सुचवलं की तपासून न छापलेली साधनं वापरली तर तसं स्पष्ट दाखवा, शंका काढणाऱ्यांना नीट उत्तर द्या, चूक दुरुस्त करण्याची पद्धत ठरवा.

चूक कुणी पकडली बघा. हवामान बदल खोटा म्हणणाऱ्यांनी नंतर फार आरडाओरडा केला, एक आकडा चुकला तर सगळंच खोटं म्हणाले. पण माग काढला तो हिमनद्यांवर आयुष्य घालवणाऱ्या माणसांनी, ज्यांना बर्फ वितळतोय हे स्वतः मोजून माहीत होतं.

कारण बर्फ वितळतोयच. २०१९ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अमेरिकेने १९७० च्या दशकात हेरगिरीसाठी उपग्रहातून काढलेले फोटो पुढे खुले झाले. शास्त्रज्ञांनी ते आताच्या मोजमापाशी ताडून हिमालयातल्या ६५० हिमनद्या तपासल्या. १९७५ ते २००० मध्ये जेवढ्या वेगाने बर्फ घटत होता, त्याच्या दुप्पट वेगाने तो २००० नंतर घटला. बघा, हेरांनी काढलेला फोटो म्हणजे अस्सल कागदच! काढणाऱ्याच्या मनात हवामान बदल नव्हता, हिमनदी नव्हती, म्हणून तर त्यावर जास्त भरवसा. त्याच वर्षी काठमांडूच्या आंतरराष्ट्रीय पर्वतीय विकास केंद्राने मोठा अहवाल काढला. जगाने तापमानवाढ दीड अंशावर रोखली तरी या शतकाच्या अखेरीला हिंदुकुश आणि हिमालयाच्या भागातला एक तृतीयांश बर्फ जाईल, नाही रोखली तर दोन तृतीयांश. आकडा २०३५ इतका सनसनाटी नाही. पण तो कुठून आला हे मागे जाऊन बघता येतं.

आता दुसरा कागद. याचीही मला कधीची उत्सुकता होती, कारण तो सह्यांचा आहे आणि सह्या-अंगठे हा आपला रोजचा विषय.

१९९८ साली अमेरिकेतल्या हजारो विज्ञान पदवीधरांना टपालाने एक पाकीट आलं. त्यात एक निवेदन होतं. माणसाने सोडलेल्या वायूंमुळे हवामान बिघडेल याला पुरावा नाही, सरकारने करारावर सही करू नये, असा मजकूर. सोबत एक लेख, आणि फ्रेडरिक साइट्झ यांचं पत्र. साइट्झ म्हणजे साधी असामी नव्हे, अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे माजी अध्यक्ष. लेखाची मांडणी, अक्षरं, सगळं त्या अकादमीच्याच नियतकालिकासारखं. बघणाऱ्याला वाटावं की अकादमीनेच पाठवलंय. अकादमीने एप्रिल १९९८ मध्ये जाहीर केलं की या निवेदनाशी आमचा काही संबंध नाही, तो लेख आमच्या नियतकालिकात आलेला नाही.

पुढे त्यावर एकतीस हजारांहून जास्त सह्या झाल्या. ‘एकतीस हजार शास्त्रज्ञ म्हणतात’ हे वाक्य अजूनही कानावर येतं. आता सह्यांची यादी उघडा. सही कोण करू शकत होतं? विज्ञानाची पदवी घेतलेला कुणीही. आपल्याकडचा बी.एस्सी. झालेला प्रत्येक जण शास्त्रज्ञ धरला तर तालुक्यात किती निघतील? त्या एकतीस हजारांत हवामानशास्त्र हा आपला विषय म्हणून सांगणारे होते एकोणचाळीस. सुरुवातीच्या यादीत तर एका प्रसिद्ध पॉप गायिकेचं नावही कुणीतरी गमतीने घुसवलं होतं आणि ते तसंच राहिलं होतं. आपल्या ठरावावर गटाबाहेरच्या बाईचा अंगठा निघाला तर बँक तो ठराव घेईल का?

साइट्झ हे भौतिकशास्त्रज्ञ, आपल्या विषयात मोठे. पण १९७० च्या दशकाच्या शेवटी ते आर. जे. रेनॉल्ड्स या सिगारेट कंपनीचे सल्लागार झाले होते आणि कंपनीने संशोधनासाठी दिलेल्या पैशाचं वाटप त्यांच्या हाताखाली चालत होतं. अमेरिकेच्या तंबाखू कंपन्यांची रीत मी मुद्दाम वाचली, कारण आपल्याकडे मिश्री लावणाऱ्या बायका अजून कमी नाहीत. तंबाखूने कॅन्सर होतो हे अभ्यासांतून पुढे येऊ लागलं तेव्हा, १९५४ पासून, या कंपन्यांनी स्वतःचीच संशोधन समिती काढली आणि वर्षानुवर्षं एकच पालुपद लावलं: अजून नक्की झालेलं नाही, आणखी अभ्यास हवा. खोटं सिद्ध करायचं नाही, नुसती शंका जिवंत ठेवायची. तेवढ्यावर विक्री चालू राहते.

तेल कंपन्यांचंही तेच. एक्सॉन या मोठ्या कंपनीच्या एका शास्त्रज्ञाने १९७७ साली आपल्याच वरिष्ठांना सांगितलं होतं की कोळसा-तेल जाळल्याने पृथ्वी तापेल. कंपनीच्या शास्त्रज्ञांनी किती तापेल याचे अंदाजही केले. २०२३ मध्ये संशोधकांनी ते जुने अंदाज तपासले, तर बहुतेक बरोबर निघाले. आणि बाहेर, लोकांसमोर, हीच कंपनी अनेक वर्षं सांगत राहिली की अजून काही नक्की नाही. घरात एक वही, दाखवायला दुसरी.

दोन्ही कागद शेजारी ठेवून मी बराच विचार केला. चूक आयपीसीसीच्या अहवालात होती आणि मोठी होती. तरी माझा भरवसा त्या बाजूला का बसतो? आपल्या रोखवहीत आकडा चुकला तर आपण काय करतो? व्हाइटनर लावत नाही. आडवी रेघ मारतो, वर बरोबर आकडा लिहितो, बाजूला सही. चुकलेला आकडाही वाचता येतो आणि कुणी सुधारला तेही. २०१० मध्ये त्यांनी अशी रेघ मारली. सह्यांच्या निवेदनावर मात्र अकादमीने हात झटकले तरी, यादीतली गंमत बाहेर आली तरी, तेच पुन्हा छापून नवीन सह्या गोळा करणं चालू राहिलं.

अगदी आपल्या घरचं उदाहरण घ्या. २००२ साली हवामान खात्याने मान्सून सरासरीइतका होईल असं सांगितलं होतं, १०१ टक्के. झाला ८१ टक्के. जुलैत तर निम्मा पाऊसही पडला नाही. तुमच्यातल्या ज्या तेव्हा शेत करत होत्या त्यांना तो जुलै सांगायला नको. खात्याला किती शिव्या बसल्या! पण पुढच्याच वर्षी त्यांनी अंदाजाची पद्धत बदलली. अंदाज किती होता आणि प्रत्यक्षात पाऊस किती झाला, हे हंगाम संपल्यावर ते दर वर्षी स्वतःच छापतात. मेसेज पाठवणारा असं कधी छापतो का?

आणि हेही लक्षात घ्या, खातं एप्रिलमध्ये हंगामाचा अंदाज देतं, मेच्या शेवटी तो सुधारतं, तोही मोठ्या भागाचा आणि शक्यतेच्या भाषेत. अमुक गावात अमुक तारखेपर्यंत थेंब नाही, असं दोन महिने आधी कुणालाच सांगता येत नाही. जूनमध्ये मला एवढं माहीत असतं तर गाय गोठ्यात राहिली असती. आता मंगळवार आणि शुक्रवारचा मराठीतला कृषी सल्ला मी बैठकीत वाचून दाखवते. तो पाच दिवसांपुरताच असतो, आणि कुणी दिला ते खाली लिहिलेलं असतं.

काकूंच्या गाईचे हप्ते गेल्या मार्चमध्ये फिटले. गाय नसताना फेडले त्यांनी, खुरपणीला जाऊन. त्या अकरा हजारांचं काय करायचं यावर गटात बोलणं झालं. मी माझ्या मानधनातून थोडं थोडं द्यायला सुरुवात केली, तर काकू घेईनात. शेवटी ते त्यांच्या नावाने बचतीत जमा होतात. अजून निम्मे राहिलेत.

परवा त्यांना सांगितलं की रेडिओवर तुमची गोष्ट सांगणार आहे, नाव घेणार नाही. त्या म्हणाल्या, “सांग की. पण ताई, ते हिमालयाचं तरी तू कुठं बघितलंस?”

म्हटलं, काकू, मी हिमालय बघितलेला नाही. आयपीसीसीने आपल्या चुकीबद्दल काढलेलं पत्रक वाचलं, त्या शास्त्रज्ञांनी काढलेल्या मागाची माहिती वाचली, आणि पिंडारीचं गणित मी स्वतः करून बघितलं. बाकीचं दुसऱ्यांनी मोजलेलं आहे.

“मग तसंच सांग,” म्हणाल्या.